वादळवीराच्या पाठीवर गेलेली झूल

मित्रांनो, आधी मला सांगा, तुमच्यापैकी कुणाच्या हातात कात्री नाही ना? नसेल तर जवळ या. मी एक जुनी झूल आहे. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवर घालतात, तीच. लाल मखमलीची, सोनेरी काठाची, अंगभर गोल आरसे बसवलेली. हे आरसे म्हणजे माझे डोळे. त्यामुळे मला पुढचं, मागचं आणि बाजूचं एकदमच दिसतं. माझा स्वभाव संशयी आहे, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण ज्याला चहूकडचं दिसतं, त्याचा विश्वास चटकन कुणावर बसत नाही.

माझा जन्म सोनगीरच्या बाजारात, इसाकभाईंच्या शिलाईच्या दुकानात झाला. इसाकभाई कापड बेतत आणि त्यांच्या पत्नी सलीमाबी घरी बसून एकेक आरसा टाचत. बैलांची जोडी असते, म्हणून मखमलीच्या एकाच ताग्यातून आम्ही दोघी बहिणी निघालो. कात्री पहिल्यांदा अंगावरून फिरली तेव्हा मला वाटलं, हा माणूस आपला जीव घेतोय. तो मला घडवत होता, हे मागाहून कळलं. तरीही कात्री दिसली की आजही माझे काठ आक्रसतात.

सोनगीरजवळच्या खेड्यातले कौतिक आबा आम्हाला घेऊन गेले. आबा कापूस पिकवत. त्यांच्याकडे तांबड्या आणि चांद्या अशी बैलजोडी होती. मी तांबड्याची, माझी बहीण चांद्याची. पोळ्याला काय तो थाट! रंगवलेली शिंगं, घुंगरमाळा, दारोदारी ओवाळणी. बायका म्हणत, "झूल ते दखा, कशी चमकी ऱ्हायनी!" मी फुगून जात असे. दुसऱ्या दिवशी मात्र माझी घडी व्हायची आणि मी पेटीत, डांबरगोळ्यांच्या वासात. तिकडे तांबड्याच्या मानेवर पुन्हा जू. तेव्हापासून कुणी फार कौतुक करू लागलं, की माझ्या मनात पाल चुकचुकते.

एका पावसाळ्यात चांद्याला साप चावला. आबांनी शेताच्या बांधावर त्याच्यासाठी खड्डा खणला. मग घरी आले, पेटी उघडली आणि माझ्या बहिणीला घेऊन निघाले. त्यांची बायको पुष्पाबाई दारातच आडवी आली.

"नवी झूल शे, माटीमा कसाले घालतस?"

"त्याले उघडा कसा धाडू?" आबा म्हणाले आणि गेले.

मित्रांनो, खरं सांगते, मला आबांचा संताप आला. इतकी सुंदर मखमल मातीत! आज बहीण गेली, उद्या माझी पाळी, असं मी मनाशी पक्कं केलं. पुढे घरात ट्रॅक्टर आला. आबांनी तांबड्याला विकलं नाही, की दुसरा बैलही आणला नाही. दर पोळ्याला तांबड्या एकटाच निघे. आबा त्याच्या डाव्या अंगाला चालत. उजवी बाजू चांद्याची होती, तिथे ते कुणाला चालू देत नसत. मला त्यातही काहीतरी डाव दिसे.

माझी पेटी आबांच्या मुलाच्या, हितेंद्रच्या खोलीत होती. झाकणाला गंजून भोक पडलं होतं, त्यातून एका आरशाने मला सगळं दिसे. हितेंद्र नरडाण्याच्या कारखान्यात कामाला होता. इसाकभाईंचा मुलगा शेहजादही तिथेच होता. दोघांचं जेवण एका डब्यात, येणं-जाणं एका मोटारसायकलवर. भांडणाचा विषय मात्र एकच, तो म्हणजे वादळवीर.

वादळवीर हा चित्रांच्या पुस्तकातला जुना नायक. वाऱ्यावर उडतो, एका हाताने पूल तोलून धरतो, आणि पाठीवर सोनेरी काठाचं लाल वस्त्र सोडतो. त्याच्यावर आधी दोन चित्रपट निघाले होते. पहिल्यातला वादळवीर सदा हसतमुख. दुसऱ्यातला काळोखात उभा राहणारा, कुणावर विश्वास न ठेवणारा. हितेंद्रला पहिला प्यारा आणि शेहजादला दुसरा.

"तुना वादळवीर सदा रडका," हितेंद्र म्हणे. "मानसे वाचाडस आनि त्यासवरच संशय लेस."

"आनि तुना? इमारत पडी ऱ्हायनी, आनि हाऊ हासस! याले अक्कल शे का?"

मी पेटीत पडल्या पडल्या शेहजादच्या बाजूने असे. संशय घेणाराच शहाणा, हे मला अनुभवाने ठाऊक होतं.

एकदा आबांनी भिंतीवरचं वादळवीराचं चित्र बराच वेळ न्याहाळलं. "याना पाठवर झूल कसाले?" त्यांनी विचारलं. "हाऊ काय बैल शे का?" दोघं मित्र पोट धरून हसले. मला मात्र ते जरा लागलं.

मग तिसऱ्या चित्रपटाची जाहिरात आली आणि सगळीकडे खळबळ उडाली. या नव्या वादळवीराच्या पाठीवर वस्त्रच नव्हतं! चाहत्यांचं मोबाइलवर एक मंडळ होतं, हे दोघंही त्यात होते. तिथे दिवसभर तक्रारींचा पाऊस पडे. कुणाला वाटे, निर्मात्यांनी कापडात काटकसर केली. कुणी म्हणे, यामागे नवी खेळणी खपवायचा कावा आहे. कुणी तर हा नट वादळवीरच नाही, आत दुसराच कुणी आहे, असंही छातीठोकपणे सांगे. चित्रपट अजून कुणीच पाहिला नव्हता. हितेंद्र आणि शेहजादचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं, की यात काहीतरी काळंबेरं आहे.

मंडळाने ठरवलं, की पहिल्या दिवशी जळगावला जायचं आणि सगळ्यांनी लाल वस्त्र पाठीवर घालूनच चित्रपटगृहात बसायचं. बाजारात मिळालेलं कापड हितेंद्रला पसंत पडेना. त्याची नजर पेटीकडे गेली.

"आई, तांबड्यानी झूल लई जाऊ का?"

"लई जा," पुष्पाबाई म्हणाल्या. "तांबड्याले आते चालता येत नही. यंदा ट्रॅक्टरनीच पूजा."

चित्रपटाचा पहिला दिवस नेमका पोळ्याचा होता. शेतकऱ्याच्या घरात पूर्वी असं घडलंच नसतं. पण ट्रॅक्टर आल्यापासून हितेंद्रला पोळा म्हणजे फक्त सुट्टीचा दिवस वाटू लागला होता. हे बोलणं झालं तेव्हा आबा शेतात होते. त्यांना कुणी विचारलं नाही. मला तर कुणी कधीच विचारत नाही.

नाडी लावायला शेहजाद कात्री घेऊन आला, तेव्हा मी अखेरची प्रार्थना करून घेतली. त्याने मला उलटं केलं आणि टाके पाहून तो थबकला. "हाई तर मना अब्बानी शिलाई शे," तो म्हणाला. त्याने कात्रीने फक्त नाडीच कापली. तरी परत जाईपर्यंत मी त्याच्या हातावरची नजर काढली नाही.

पोळ्याच्या सकाळी मी हितेंद्रच्या पाठीवर बसून जळगावच्या चित्रपटगृहात शिरले. तिथे लाल वस्त्रांचा नुसता पूर आला होता. सगळे माझ्याभोवती जमले. "काय माल आहे!" "खरे आरसे!" जो तो माझ्यासोबत फोटो काढू लागला. मी जागच्या जागी सावध झाले. हाही एक पोळाच होता, फक्त इथले बैल दोन पायांचे होते.

चित्रपट सुरू झाला. सुरुवातीला वादळवीराच्या पाठीवर लाल वस्त्र होतं. मग त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं फिरणारा म्हातारा घोडा पुरात मरण पावला. वादळवीराने स्वतःच्या हाताने खड्डा खणला, पाठीवरचं वस्त्र सोडलं, घोड्यावर पांघरलं आणि माती लोटली. मग तो उघड्या पाठीने चालू लागला. सगळ्या चित्रपटगृहाने शिट्ट्या मारून आणि ओरडून त्याची हुर्यो केली.

मध्यंतरात मंडळाचा म्होरक्या भटू तावातावाने बोलत होता. "घोड्यासाठी कुणी वस्त्र टाकतं का? खरा वादळवीर असं करूच शकत नाही!" सगळ्यांनी माना डोलावल्या. हितेंद्रने मात्र माझा काठ मुठीत घट्ट धरला होता.

"काय झायं?" शेहजादने विचारलं.

"मना आबानी असंच करं व्हतं," हितेंद्र हळूच म्हणाला.

मित्रांनो, माझे सगळे आरसे क्षणभर आंधळे झाले. मला माझी बहीण आठवली. इतकी वर्षं मी तिच्या नावाने आबांना बोल लावत आले होते.

तेवढ्यात फोन वाजला. आबांचा होता.

"हितेंद्र, झूल कोठे शे रे? तांबड्याले धोई टाकं, शिंगं रंगाडी टाक्यात. पेटी दखी ते रिकामी."

"आबा, तो चाली का पन?"

"मारुतीना पारलोंग चाली. मी ईचारं त्याले. हाऊ त्याना शेवटना पोया शे."

"मी लई येस. थांबा जरासा."

"पोया थांबस का रे?" आबा म्हणाले आणि फोन बंद झाला.

हितेंद्र उठला. शेहजादने पडद्याकडे पाहिलं, मग हितेंद्रकडे. "आनि शेवट?"

"तू दख. मी जास."

शेहजादने त्याला वरपासून खालपर्यंत संशयाने न्याहाळलं आणि खिशातून किल्ली काढली. "गाडी मनी शे," तो म्हणाला.

मला खरं वाटेना. मध्यंतर संपल्याची घंटा झाली की हे दोघं परत फिरणार, असं मी धरून चालले होते. ते फिरले नाहीत. भटूने मात्र त्यांना बाहेर पडताना टिपलं आणि मंडळात लिहिलं, 'आपले दोन वीर निषेध म्हणून अर्ध्यातून उठले!' वाटभर हितेंद्रच्या खिशात शाबासकीचे संदेश वाजत राहिले. त्याने फोन काढून पाहिलाही नाही. आरसे फुटू नयेत म्हणून त्याने माझी घडी पोटाशी धरली होती. पारोळा गेलं, धुळे गेलं, महामार्गावरच्या ट्रकांनी आम्हाला धुळीने माखलं. उशीर झाला तर तांबड्या उघडाच निघेल, एवढाच विचार माझ्या मनात होता. सोनगीरचा किल्ला दिसला तेव्हा मी पहिल्यांदा सुटकेचा निःश्वास सोडला.

गावात मिरवणूक निघाली होती. पुढे फुगे लावलेले ट्रॅक्टर, मागे मोजक्या बैलजोड्या. घराच्या दारात तांबड्या उभा होता. पण तो उघडा नव्हता. आबांनी डोक्याचा फेटा सोडून त्याच्या पाठीवर अंथरला होता आणि ऐन पोळ्याला ते स्वतः बोडक्या डोक्याने उभे होते. हितेंद्रने मला दोन्ही हातांवर धरून पुढे केलं. मला वाटलं, माझी गरज संपली. आता आबा मला भिरकावून देणार.

आबांनी मला घेतलं आणि झटकलं. "तांबड्यानं आंग झाकायेल शे," ते म्हणाले. मग त्यांनी तांबड्याच्या उजव्या बाजूला बोट केलं. "चांद्यानी जागा रिकामी शे. आठे उभा ऱ्हाय."

हितेंद्र तिथे उभा राहिला. आबांनी मला त्याच्या पाठीवर टाकलं आणि स्वतःच्या हाताने नाडी बांधली. गल्लीत हशा पिकला. शेजारचा पुना मोठ्याने ओरडला, "कौतिक आबा, हाऊ काय बैल शे का?"

"आजना दिन शे," आबा म्हणाले.

शेहजाद तेवढा हसला नाही. तो पाण्याची बादली उचलून मागे मागे निघाला. तांबड्या एक पाऊल टाके आणि थांबे. हितेंद्रही एक पाऊल टाके आणि थांबे. सकाळी पाठीवर वारा घेत मिरवणारा हा मुलगा आता म्हाताऱ्या बैलाच्या चालीने चालत होता. मारुतीच्या पाराशी पोहोचल्यावर तांबड्याने मान खाली घातली, हितेंद्रनेही घातली. पुष्पाबाईंनी दोघांनाही ओवाळलं. त्यांना हसू येत होतं, मग रडू आलं. चांद्या गेल्यापासून पहिल्यांदाच मला माझ्या शेजारी बहीण असल्यासारखं वाटलं, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पण मित्रांनो, मी दुसऱ्या दिवसाची वाट पाहत होते. कारण खरं काय ते दुसऱ्या दिवशी कळतं. सकाळी पाऊस भुरभुरत होता. चालण्याने तांबड्याचे पाय सुजले होते आणि तो गोठ्यात थरथरत बसला होता. हितेंद्र कामावर जाण्याआधी आला. तो मला उचलू लागला तेव्हा मी ओळखलं, आली पेटी. त्याने मला उलगडलं आणि तांबड्याच्या अंगावर पांघरलं.

"खराब व्हई जाई ती," आबा म्हणाले.

"व्हऊ दे," हितेंद्र म्हणाला.

तेव्हापासून मी गोठ्यातच आहे. काही आरसे गळून गेले, माझ्या मखमलीला शेणाचा वास लागला. हितेंद्रने मंडळात लिहून टाकलं, की नव्या वादळवीराने बरोबर केलं. त्याच दिवशी त्याला मंडळातून काढलं. चित्रपटाचा शेवट काय झाला ते त्याला अजून माहीत नाही. शेहजाद कुणाकडून ऐकलेलं सांगायला निघाला की तो कानांवर हात ठेवतो. पुढच्या सुट्टीला दोघं मिळून बघणार आहेत. तो पाहून झाला, की पुन्हा भांडतील.

तुम्हीही खुशाल भांडा. वीर हसरा खरा, की रडका खरा, की उघड्या पाठीचा खरा, यावर डोकी फोडा. माझी एवढीच विनवणी आहे, की ज्याच्यावर तुमचं प्रेम आहे, त्याच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीही जा. आणि तुमच्या घरात एखादी झूल पेटीत जपून ठेवली असेल, तर तिला बाहेर काढा. फाटली तरी चालेल, पण कुणाच्या तरी अंगावर असू द्या.

माझा संशय काही गेलेला नाही. तो माझ्या आरशांतच आहे. आता पुरे करते. हितेंद्रच्या चपला वाजल्या. हातात पाण्याची बादली आहे की कात्री, ते मला आधी पाहू द्या.