लाल दोऱ्याची केबल

माझ्या धाकट्या बहिणीचा आवाज गेला त्याला दोन वर्षं झाली. घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, बोलणं गेलं. आता ती पाटीवर लिहिते, आणि कोणी लक्ष दिलं नाही की बोटातली अंगठी टेबलावर आपटते. त्याआधी नऊ वर्षं तिने दृष्टिहीन मुलांसाठी अभ्यासाची पुस्तकं वाचून रेकॉर्ड केली होती. ती सगळी एकाच डिस्कवर होती, आणि ती डिस्क आता टिकटिक करायला लागली होती.

"एकदाच चालू करा आणि एका दमात सगळं उतरवून घ्या," संगणक दुरुस्तीचा दुकानदार म्हणाला. "पुन्हा चालू होईल याचा भरवसा नाही."

दुसरी प्रत नव्हती. वीस वर्षं मी ग्रंथालयाचे संगणक सांभाळले आणि घरचंच राहून गेलं. तेव्हा ठरवलं, घरात सर्व्हर बांधायचा. चार नव्या डिस्क, म्हणजे एखादी गेली तरी रेकॉर्डिंग जाणार नाही.

बंद पडलेल्या एका कार्यालयातून सर्व्हरची जुनी रॅकमाउंट केस, म्हणजे रॅकमध्ये आडवी बसणारी पेटी, मिळाली. चपटी, लोखंडी, दोघांनी उचलावी अशी.

"ही पेटी आहे की पलंग?" दादा म्हणाला. आमच्या या थोरल्या भावाची हयात शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात गेली. कुरकुरतच त्याने कोठीतल्या लोखंडी रॅकचा एक कप्पा काढला आणि केस तिथे आडवी बसवली.

केससोबत आलेला पॉवर सप्लाय जळका होता. तो काढून मी नवा आणला. जुन्याच्या केबली टाकवेनात, म्हणून त्यांना लाल दोरा बांधून पिशवीत ठेवल्या. तो दोरा कशासाठी, हे मात्र कोणाला सांगितलं नाही. मला ठाऊक होतं, तेवढं पुरेसं वाटलं.

रोज दहा ते बारा मी मौन पाळते. सतरा वर्षांत खंड नाही. त्या दिवशीही कोठीच्या दाराशी आसनावर जप करत बसले होते.

"तुझं चालू दे," दादा म्हणाला. "मी तेवढ्यात चार नव्या डिस्क आणि हिची जुनी जोडून टाकतो. दोन बहिणी, दोघी गप्प! असं भाग्य कोणाला मिळतं?"

धाकटीने उजेडाची बॅटरी धरल्या हातानेच त्याला कोपर मारलं.

नवी केबल मागच्या पॉवर सप्लायपासून पुढच्या डिस्कपर्यंत पोचेना. दादा पुटपुटला, पिशवीत हात घातला, काहीतरी खट्कन बसलं. "वा! जन्माची जोडी." मग त्याचा हात बटणाकडे गेला. बॅटरीच्या उजेडात मला केसच्या आत लाल दोरा दिसला.

माझे गुडघे झटकन उठू देत नाहीत. धाकटीला दोऱ्याचा अर्थ ठाऊक नव्हता, आणि असता तरी ती ओरडू शकली नसती.

"दादा, हात काढ!"

त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. धाकटीच्या हातून बॅटरी पडली. घरात माझा इतका मोठा आवाज कोणी ऐकलाच नव्हता.

"बसली तर आहे नीट," दादा चाचरत म्हणाला.

"बसते रे. जुन्या-नव्या केबलींचं तोंड सारखंच असतं, आतल्या तारांचा क्रम वेगळा. बटण दाबलं असतंस तर पाचही डिस्क जळल्या असत्या. हिची धरून."

दादा खाली बसला. लाल दोऱ्याची केबल त्याने उपसून माझ्या हातात दिली. धाकटीने पाटी माझ्यासमोर धरली: "ताई, तुझं मौन?"

"देवाला मी सांगेन," मी म्हटलं. "आधी हे उरकू."

नवी केबल कडेने वळसा घेत होती, म्हणून अपुरी पडत होती. दादाने सगळ्या डिस्क आणि बोर्ड बाहेर काढायला लावले, मधल्या पंख्यांच्या पत्र्याला भोक पाडलं, कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या, शिवणयंत्राची एक रबरी कडी त्यात बसवली आणि लोखंडाचा कीस ओल्या फडक्याने टिपला. सरळ वाटेने केबल पोचली. वर चार बोटं उरली. मी एकेक जोड दोनदा तपासला आणि मग बटण दादालाच दाबायला लावलं.

जुनी डिस्क टिकटिकत राहिली. आम्ही तिघं पडद्यासमोर पाळीपाळीने बसलो. संध्याकाळी सहाला ती कायमची थांबली, तेव्हा अकरा प्रकरणं सोडून सगळं उतरलं होतं. मी एक फाइल लावली. धाकटीचा आवाज कोठीत भरला. तिने डोळे मिटून ऐकलं आणि लिहिलं: "किती घाईने वाचायचे मी!" मग अकरा प्रकरणांची यादी हातात घेऊन खाली लिहिलं: "ही तू वाच."

"मी? माझं बोलणं शेजारच्या खोलीत पोचत नाही."

अंगठी टेबलावर आपटली.

दुसऱ्या दिवशी चुकलेल्या मौनापोटी चार तास गप्प राहिले. दोन वाजता पुस्तक घेऊन मायक्रोफोनपुढे बसले. पहिलं वाक्य संपायच्या आत अंगठी दोनदा वाजली. पाटीवर होतं: "काल ओरडलीस तसं."

मी घसा खाकरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.