पेरून उरलेली ज्वारी

"अरे बस ना बाबू! पावन्यावानी दारात काहून उभा राह्यला?" धनीबाईंनी बाज पुढे ओढली.

प्रसेनजित बसला. बियाण्यांना चोळायची औषधं बनवणाऱ्या एका कंपनीच्या संशोधन विभागाचा तो प्रमुख. मोठमोठ्या सभा सहज गाजवणारा. पण कामरगावच्या या अंगणात त्याच्या जिभेला कुलूप लागलं होतं. खिशात चिमूटभर ज्वारीची पुडी होती, आणि ती या माउलीच्या हातावर ठेवायला त्याचा हात धजत नव्हता.

त्याच्या लहानपणी त्यांच्या आळीत एक रीत होती. पेरून उरलेलं बियाणं परत कणगीत टाकायचं नाही, त्याच्या घुगऱ्या करून पोराबाळांना वाटायच्या. एका वर्षी बियाणं दुकानातून आलं, औषध चोळलेलं, गुलाबी. धनीबाईंनी ते पाणी नितळ येईपर्यंत रगडून धुतलं. रंग गेला म्हणजे औषधही गेलं, असंच कोणालाही वाटलं असतं. त्या घुगऱ्या दोघांनी पोटभर खाल्ल्या. त्यांच्या लेकीनं, हेमलानं, आणि शेजारच्या प्रसेनजितनं.

तासाभरात दोन्ही लेकरं ओकून ओकून निपचित पडली. प्रसेनजितची आई लिलाबाई माहेरी गेलेली. धनीबाईंनी पोटची लेक नवऱ्याच्या खांद्यावर दिली, शेजारणीचं पोर स्वतःच्या पाठीवर घेतलं आणि गावातल्या जीपकडे धाव घेतली. कारंज्याच्या दवाखान्यात प्रसेनजित त्यांच्याच मांडीवर शुद्धीवर आला. हेमला मात्र गेली.

धनीबाईंनी पुढे त्याला कधी शब्दानंही दुखवलं नाही. उलट तो एम.एस्सी. झाला तेव्हा गावभर साखर वाटली ती त्यांनीच. असलं ऋण फिटत नसतं, हे त्याला कळत होतं. निदान बोलून तरी दाखवावं, असं प्रत्येक सुट्टीत वाटायचं. पण आपलं तोंड पाहिलं की हिला हेमलाच दिसत असेल, या भीतीनं तो दारातूनच परतायचा.

कंपनीत त्यानं एकच ध्यास घेतला. बियाण्याच्या औषधात असं कडू काहीतरी मिसळायचं, की धुतलं तरी जाणार नाही. कधी उगवण बिघडायची, कधी पहिल्याच पाण्यात कडूपणा निघून जायचा. वरचे साहेब बैठकीत हसायचे.

"अहो, पाकिटावर धोक्याची खूण असते. पेरायचं बियाणं खातं कोण?"

"आमी खातो," प्रसेनजित म्हणाला होता. भर बैठकीत त्याच्या तोंडून गावची बोली निघाली आणि हसणं थांबलं. पुढे साहेबाच्या खुर्चीवर तोच बसला, आणि त्यानं पहिली मंजुरी दिली ती शेवटी साधलेल्या या कडू लेपाला.

अखेर त्यानं पुडी सोडली.

"मावशी, हे मी बनवलं. यात जहर नाई, तुमाले दाखवाले नुसता कडूपणा लावून आनला. कितीबी धुवा, जात नाई." त्यानं पुडी त्यांच्या हातावर ठेवली. "तुमी मले पाठीवर घेऊन पळाल्या, म्हनून झालं हे. लय वर्षं सांगाचं होतं."

धनीबाईंनी ज्वारी वाटीत घेतली आणि मोरीवर जाऊन धुवायला बसल्या. रगडून, पाणी बदलून, पुन्हा रगडून. आयुष्यात इतकी अवघड परीक्षा प्रसेनजितच्या कामाची कुणी घेतली नव्हती.

मग त्यांनी एक दाणा जिभेवर ठेवला. तोंड कसनुसं झालं. त्या थुंकल्या, चूळ भरली, पुन्हा थुंकल्या. डोळ्यांत पाणी तरारलं.

"हेमलानं थुकून देलं असतं," त्या म्हणाल्या. "लय गोडखाऊ होती ते."

प्रसेनजित त्यांच्या पायाशी वाकला, तशी त्यांनी त्याच्या तोंडावरून ओला हात फिरवला.

"बेस केलं, बाबू," त्या म्हणाल्या. "आता जेवून जाय."