दोनशे चार नंबरची खोली

"लिफ्टजवळची खोली नको म्हणतायत," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"मग जिन्याजवळची दे. तीही नको म्हणाले की माझ्याकडे पाठव," आत्या म्हणाली आणि मान वर न करता पुढचं कार्ड काढलं.

हॉटेलच्या लॉबीत खांबाच्या आडोशाला तिने टेबल मांडलं होतं. टेबलावर पुठ्ठ्याचं खोकं, त्यात बावीस खाने, प्रत्येक खान्यावर खोलीचा नंबर. उद्या सकाळी भाचीचं लग्न, आणि बाहेरगावच्या पन्नास पाहुण्यांना झोपायला जागा द्यायचं काम भावाने तिच्या गळ्यात मारलं होतं. "ताई, तुलाच जमेल. जन्मभर दुसरं काय केलंस?" असं म्हणून. ते खरंच होतं म्हणा. पोस्टात ती एकतीस वर्षं सॉर्टिंगला होती आणि या काळात एकही पत्र तिच्या हातून चुकीच्या खान्यात गेलं नव्हतं. हे ती भेटेल त्याला सांगायची, आणि भेटेल तो विषय बदलायचा.

पत्रं परवडली, असं तिला सकाळपासून वाटत होतं. खिडकीतून ऊन येतं म्हणून शेजारच्या खान्यात हलवा, असं पत्र कधी म्हणत नाही.

तिची पद्धत अशी. कार्डावर पुढे नाव आणि खोली. मागे पेन्सिलीने त्या माणसाचा गुण. 'घोरतो. सख्ख्या भावाजवळही ठेवू नये.' 'जावेशी अबोला. मजले वेगळे.' 'बाथरूममध्ये शिरली की तास.' पेन्सिलीने अशासाठी, की माणसं सुधारत नसली तरी आणखी बिघडतात, मग खोडून नवीन लिहावं लागतं. हे लिहिताना तिला मजा यायची, उगाच नाही कशाला म्हणायचं. घरची मंडळी तिला मागून पोस्टमास्तरीण म्हणायची, ते तिला ठाऊक होतं. त्या प्रत्येकाच्या कार्डामागे तिनेही जे लिहायचं ते लिहून ठेवलं होतं.

गावातले दोन चुलत भाऊ पिशव्या घेऊन आले. "आम्हालाही एखादी खोली असती तर बरं झालं असतं."

"गावातल्यांना खोली नाही. घर दहा मिनिटांवर आहे ना? मग घरी झोपा," असं म्हणून तिने त्यांना वाटेला लावलं. सकाळपासून हे वाक्य तिने पाच-सहा जणांच्या तोंडावर मारलं होतं.

फक्त एक खोली तिने स्वतःला ठेवली होती, दोनशे चार. दोनशे तीनमध्ये नवरी, आणि दोन्ही खोल्यांच्या मध्ये दार. या दारासाठीच तिने भावाला हेच हॉटेल घ्यायला लावलं होतं. पोरीची आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती. तेव्हापासून तिला रोज सकाळी आत्यानेच उठवलं होतं. उद्या शेवटचं उठवायचं, एवढंच तिला हवं होतं. लग्नातलं बाकी सगळं तिला फुकटचा फाफटपसारा वाटत होता.

चारच्या सुमाराला नवरदेवाची मामी आली. ही बाई साखरपुड्याला खुर्चीपासून पंख्यापर्यंत सगळ्याला नावं ठेवून गेली होती. आत्याने किल्ली काढली. एवढ्यात मागून कुणीतरी टॉवेल मागितला, ती त्याच्यावर डाफरायला वळली, आणि हात आपला सवयीने चालला. खान्यातलं काढलं, पुढे सरकवलं. किल्लीबरोबर कार्डही गेलं.

पाच मिनिटांत मामी परत आली. चष्मा लावून तिने कार्डाची मागची बाजू शांतपणे वाचून दाखवली. "'कुरकुरी. राजवाडा दिला तरी खांब कमी आहेत म्हणेल.' हे माझ्याबद्दल का?"

मामीने कार्ड टेबलावर ठेवलं आणि बॅग उचलून गाडीकडे चालू लागली.

भाऊ घाम पुसत आला. "ताई, काय केलंस हे?"

"खरं तेच लिहिलं."

"नवरदेव त्या बाईच्या हाताखाली वाढलाय. ती गेली तर तो बोहल्यावर उभा राहील का उद्या? कशीबशी थांबवलीय. दोनशे चार दे तिला. तेवढी एकच चांगली खोली आहे."

"ती माझी आहे."

"तुला कशाला खोली? घर दहा मिनिटांवर आहे. तू काय बाहेरगावची आहेस?"

तिचंच वाक्य तिच्यापुढे येऊन पडलं. तिने नवरीकडे पाहिलं. ती काय झालं ते बघायला खाली आली होती, नखांचा रंग वाळवत.

"दे ना गं आत्या," ती म्हणाली. "एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

एका रात्रीचाच होता. म्हणूनच आत्याला ती खोली हवी होती. पण या मठ्ठ लोकांना ते सांगून कळायचं नव्हतं, आणि पोरीला आज सांगायचं नव्हतं.

ती वर गेली. आपली पिशवी आवरली, नळ सोडून पाहिला, उशीचा अभ्रा सरळ केला. मामी दारात उभी होती.

"गरम पाणी यायला दोन मिनिटं लागतात," आत्या म्हणाली. "लगेच तक्रार करू नका."

"नाही करत."

आत्याने पिशवीतून एक जुनं, कोपरे दुमडलेलं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. मामीने आधी मागची बाजूच वाचली. 'पाचला उठवावं. एका हाकेत उठत नाही. दिवा मालवू नये. उपाशी असली की चिडते, मनावर घेऊ नये.'

"मधलं दार उघडं ठेवा," आत्या म्हणाली.

मामीने कार्ड पुन्हा वाचलं. "आमचा भाचा पायाचा अंगठा ओढल्याशिवाय उठत नाही," ती म्हणाली. "हिचं कसं?"

"कपाळावर हात ठेवायचा. गार लागला की उठते."

"ते यात नाही."

"लिहायची वेळच आली नाही कधी. मीच उठवायचे ना."

मामीने हात पुढे केला. आत्याने कानामागची पेन्सिल काढून तिला दिली.

खाली आल्यावर काउंटरवरच्या मुलीने वही उघडली. "मॅडम, तुमचा खोली नंबर काय लिहू?"

"मला नको. मी गावातली आहे," आत्या म्हणाली. खोक्यातून तिने आपलं कार्ड काढलं. त्याची मागची बाजू कोरीच होती. ते पिशवीत टाकून ती घरी चालत निघाली.