वहीतले लाल ठिपके

"वहीत लिहायचं ते खरं लिहायचं, शामलाबाई. आणि वही ह्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. दोन्ही गोष्टी सारख्याच मोठ्या. एक पाळली अन् दुसरी मोडली, तर पहिलीही मोडली समजा."

जिजाबाईंना जाऊन दीड वर्ष होऊन गेलं होतं, पण शनिवारी अकराला शाळा सुटली, की त्यांचा तो जाड, संथ आवाज शामलाबाईंच्या कानात हटकून यायचा. शामलाबाई शिकवत होत्या त्या शाळेच्या जिजाबाई मुख्याध्यापिका. महाल भागातल्या एका बोळातली पत्र्याच्या छपराची शाळा, वर्ग पहिली ते चौथी. पण वीस वर्षांत त्यांनी तिला अशी घडवली होती, की दूरच्या वस्त्यांतली माणसं पोरं घालायला तिथवर येत. त्याचं गुपित म्हणजे शनिवारची बैठक.

आठवडाभरात एका शिक्षकानं दुसऱ्याच्या वर्गात मागं तागाच्या टाटपट्टीवर जाऊन बसायचं आणि पाठ बघायचा. शनिवारी मुलं घरी गेली, की चौथीच्या खोलीचं दार लोटून सगळ्यांनी गोल बसायचं. ज्यानं पाठ दिला त्यानं आधी आपलं काय चुकलं ते आपल्या तोंडानं सांगायचं. मग बघणाऱ्यानं. शामलाबाईंचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून ह्या चुका टिपायची वही त्यांच्याकडे. महिन्याभरानं तोच पाठ पुन्हा बघायचा, आणि चूक सुधारली असली, की जिजाबाई काडीला कापूस गुंडाळून लाल शाईत बुडवत आणि त्या ओळीच्या समासात एक ठिपका देत. "आज देवराव मास्तरांना कुंकू लागलं बरं का," असं म्हणून सगळे हसत.

शामलाबाईंना शनिवारचा उपास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी हे वेगळेच. बैठकीत फुटाण्याची पुडी फिरायची तेव्हा देवराव मास्तर ठरलेली थट्टा करायचे, "शामलाबाई, तुमच्या वाट्याचे फुटाणे मी खाऊन राहिलो. पुण्य तुमाले, पोट माह्यं!"

जिजाबाईंनी जाता जाता निवडलेली शेवटची शिक्षिका म्हणजे गोपिका. काटोलकडच्या खेड्यातली, बावीस-तेवीस वर्षांची. ती आली तेव्हा फळ्यावर ऱ्हस्व-दीर्घ चुकवायची, मुलांशी गावच्या बोलीत बोलायची, आणि धडा चालू असताना मध्येच गाणं सुरू करायची. पण तिला एक भूक होती. बाकीचे महिन्यातून एकदा, तेही पाळी आली म्हणून, आपल्या वर्गात कुणाला बोलवायचे. ही दर आठवड्याला दारात उभी. "बाई, आज या ना माह्या वर्गात. कुठं चुकते ते सांगा. नाही सांगितलं तं मले कसं समजन?"

शामलाबाई जात. लिहून घेत. जिजाबाई गेल्यावर ठिपके देण्याचं कामही त्यांच्याकडेच आलं होतं.

आणि एकदा गोपिका त्यांच्या वर्गात येऊन बसली. शनिवारी तिची बोलायची पाळी आली तेव्हा ती पदराचं टोक पिळत राहिली. देवराव म्हणाले, "बोल गं, इथं कोणी कोणाले खात नाही."

"बाई, तुम्ही मागच्या रांगेतल्या पोरींच्या पाट्या हातात घेत नाही. दुरूनच पाहता. त्या पोरी पाटी पुढं करतात, अन् मंग तशीच खाली ठेवतात."

खोलीत कुणी फुटाणा चावेना. शामलाबाईंनी मान खाली घातली आणि ते वाक्य आपल्याच नावापुढं, त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. त्या संध्याकाळी देवापुढं निरांजन लावताना त्यांना त्या पाट्या दिसत होत्या. एवढं सोवळं, एवढे नेमधर्म, आणि देव मागच्या रांगेत बसला होता की काय, कोण जाणे. दोन महिन्यांनी गोपिकानं स्वतः काडी शाईत बुडवली. "लावू का, बाई?" तिनं विचारलं होतं, आणि शामलाबाईंनी मान हलवून वही तिच्यापुढं सरकवली होती.

ते चौऱ्याहत्तर साल. देवराव आता मुख्याध्यापक झाले होते. दिवाळीत गोपिकाला दोन वर्षं पुरी होऊन ती कायम व्हायची होती. संस्थेचे सेक्रेटरी चंपतराव, बर्डीच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. त्यांच्या पुतण्याची बायको अरुंधती नुकतीच डी.एड. झाली होती आणि शाळेत एकही जागा रिकामी नव्हती. हे शाळेत शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. शामलाबाईंच्याही कानावर आलं होतं. पण कानावर आलेल्यावरून कुणाबद्दल वाईट धरणं हे पाप, असं त्यांनी मनाला समजावलं आणि पोथीचं पान उलटलं.

आश्विनात एके दिवशी चंपतराव स्वतः शाळेत आले. देवरावांच्या टेबलाशी बसून त्यांनी शामलाबाईंना बोलावलं.

"बाई, बसा ना. देवरावजी सांगून राहिले होते, तुमची काही शनिवारची वही हाय म्हणून. एकमेकांच्या चुका लिहिता म्हणे. क्या बात है! आपल्या संस्थेच्या चारही शाळांत असं मंडळ काढाचं मनात हाय. शिक्षक सुधार मंडळ. जिजाबाईंचं काम पुढं गेलं पाहिजे, का नाही?"

जिजाबाईंचं नाव ऐकून शामलाबाईंना भरून आलं.

"हाय ना वही?"

आषाढी एकादशीपासून चातुर्मासभर खोटं बोलायचं नाही, असा त्यांचा नेम होता. "आहे," त्या म्हणाल्या.

"आणता का जरा? दोन दिवसांत वापस देतो."

देवराव खिडकीबाहेर बघत होते. शामलाबाईंना वाटलं, ते काहीतरी म्हणतील. त्यांची मान वळली नाही. शामलाबाईंनी चौथीच्या खोलीतलं कपाट उघडलं, लाल कापडी पाठीची वही काढली, आणि उंबरा ओलांडताना पायाला काही अडलं नाही, ठेच लागली नाही. लागायला हवी होती, असं त्यांना पुढं पुष्कळदा वाटलं.

दोन दिवसांत वही परत आली नाही. आठव्या दिवशी गोपिकाच्या हातात पत्र आलं. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीशी तिनं शामलाबाईंना गाठलं.

"वाचा, बाई."

पत्र टाईप केलेलं होतं. 'सदर शिक्षिकेच्या अध्यापनात पुढील दोष वेळोवेळी आढळून आले आहेत.' खाली मुद्दे. आवाज चढतो. मुलांशी खेड्यातल्या बोलीत बोलते. फळ्यावर शुद्धलेखनाच्या दोन चुका. धडा अर्ध्यावर सोडून गाणं घेतलं. असे अकरा. वहीत बाकीच्या शिक्षकांच्या नावापुढं दोन वर्षांत मिळून तीन नाही तर चार ओळी होत्या. जिनं दर आठवड्याला दारात उभं राहून चुका मागून घेतल्या, तिची यादी सगळ्यांत लांब. आणि टायपिंगच्या यंत्राला लाल ठिपका कुठून येणार?

"हे टाईप केलेलं हाय, पण वाक्यं तुमची हायेत. 'अर्ध्यावर सोडून' असं शाळेत दुसरं कोणी लिहीत नाही."

"गोपिका, त्यांनी विचारलं, वही आहे का म्हणून."

"मंग?"

"मी खोटं कसं बोलू? माझा नेम..."

"खोटं काहून बोलता? 'आहे, पण देत नाही,' इतकंच म्हणाचं. हेबी खरंच होतं ना, बाई?"

टाकीची तोटी गळत होती. शामलाबाईंनी ती उगाच घट्ट करून पाहिली.

"मंगळवारी कमिटीपुढं बोलावलं हाय मले," गोपिका हळू आवाजात म्हणाली. "तुमालेबी बोलावतीन. अकराच्या अकरा ओळींले ठिपके हायेत. काही जिजाबाईंचे, बाकी तुमच्याच हातचे. वही उघडून तेवढंच दाखवा. माह्यं दुसरं मागणं नाही."

"सांगेन," शामलाबाई म्हणाल्या. "नक्की सांगेन."

मंगळवारी त्या सकाळी देवापुढं जरा जास्त वेळ बसल्या. अंगारा लावून निघाल्या. संस्थेच्या कचेरीत चंपतराव, दोन सभासद, आणि खुर्चीच्या कडेवर टेकलेले देवराव. गोपिका उभी. वही टेबलावर, मिटलेली, शामलाबाईंच्या हाताच्या अंतरावर.

"बाई, हे अक्षर तुमचं?"

"हो."

"लिहिलेलं खरं हाय?"

"खरं आहे. पण..."

"बस्स, बाई." चंपतराव हसले, हात जोडले. "तुमच्यासारख्या व्रत-उपास करणाऱ्या बाईच्या शब्दावर आमचा पूरा भरोसा हाय. आता पुढं काही विचाराची गरजच नाही."

सभासदांनी माना हलवल्या. त्यातल्या एकानं तर शामलाबाईंना नमस्कारही केला. हात पुढं करून वही उघडायला किती वेळ लागला असता? पदर सारखा करायला लागतो तेवढाही नाही. पण मोठ्या माणसानं बस्स म्हटलं की थांबायचं, हेही त्यांनी आयुष्यभर व्रतासारखंच पाळलं होतं, नाव न देता. हात मांडीवरच राहिला. देवराव वर पंख्याकडे बघत होते. गोपिका मात्र शामलाबाईंकडे बघत होती, आणि थोड्या वेळानं तिनं बघणं सोडून दिलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी तिनं आपली पिशवी भरली. अक्षरांचे पुठ्ठे, मोजायला ठेवलेले चिंचोके, एक फुटकी पट्टी. शामलाबाई दाराशी उभ्या राहिल्या. आत जावं की नाही ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

"कुठं जाशील आता?"

"हिंगण्याले. भाऊ कंपनीत हाय तिथं. त्याच्या चाळीपुढं कामगारांची पोरं दिवसभर धुळीत लोळून राहतात. त्याइले जमवीन म्हणते. पगार-बिगार काही नाही, पण पोरं तं हायेत." चिंचोक्यांच्या पुरचुंडीला तिनं गाठ मारली. "एकच वांधा हाय. चुका कोण सांगीन मले तिथं?"

शामलाबाईंना वाटलं, ही टोमणा मारते आहे. पण गोपिकाच्या तोंडावर टोमणा नव्हता.

"शनिवारी या ना, बाई. मागं बसा. पहिल्यासारखं."

"येईन."

आता मात्र गोपिका हसली. ते हसणं शामलाबाईंच्या छातीत काट्यासारखं राहिलं. "त्या दिवशी 'सांगेन' म्हटलं होतं, बाई," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून बोळातून गेली.

सुट्टीनंतर शाळेच्या दारावर पाटी लागली, 'शिक्षक सुधार मंडळ'. चंपतरावांचा हार-तुरा झाला. त्यांनी भाषणात जिजाबाईंचं नाव चारदा घेतलं. अरुंधती मंडळाची चिटणीस. पोर गोड होती, तिचा काही दोष नव्हता. आपली खुर्ची कुणाची होती हे तिला धड माहीतही नव्हतं. बैठक आता दार उघडं ठेवून व्हायची. फुटाण्यांऐवजी बटाटेवडे आणि चहा. छापील रजिस्टर. त्यात रकाना एकच, 'शेरा'. देवराव अजूनही भागाकार फळ्याकडे तोंड करून स्वतःशीच बोलत शिकवायचे. शेरा: समाधानकारक. गोपिकाच्या वर्गातली मुलं आता पुस्तक घडाघडा म्हणायची, पण बोट भलत्याच ओळीवर असायचं. शेरा: समाधानकारक.

"शामलाबाई, तुम्ही माझा पाठ पाहिलात ना, काही चुकलं असेल तर सांगा हं," अरुंधती पहिल्याच शनिवारी म्हणाली होती.

"छान झाला," शामलाबाई म्हणाल्या होत्या. कार्तिकी होऊन गेली होती. चातुर्मास संपला होता, नेम सुटला होता. जिभेला किती सोपं गेलं ते.

दुसऱ्या शनिवारीही त्या 'छान झाला' म्हणाल्या. हिंगण्याला गेल्या नाहीत. कुठल्या तोंडानं जायचं?

तिसऱ्या शनिवारी देवरावांचा पाठ झाला होता, आणि अरुंधतीनं न विचारताच 'समाधानकारक' लिहून टाकलं.

"अगं, आधी त्यांनी स्वतः सांगायचं असतं," शामलाबाईंच्या तोंडून निघून गेलं. "काय चुकलं ते."

"काकाजी म्हणाले, वाईट काही लिहायचंच नाही," अरुंधती निरागसपणे म्हणाली. "वही काय, उद्या कुणाच्याही हाती लागते, म्हणाले."

देवरावांनी वडा बशीत परत ठेवला. शामलाबाईंकडे एकदा बघितलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

घेतला वसा टाकू नये, असं श्रावणातली प्रत्येक कहाणी शेवटी सांगते. शामलाबाईंनी ते शेकडो वेळा वाचून दाखवलं होतं, हातात तांदळाचे दाणे धरलेल्या बायकांना. पण आपला वसा कुठला होता? उपास तर पोटाचे होते. खोटं न बोलायचा नेम तर शेवटी त्यांना लपायलाच कामी आला होता. जिजाबाईंनी हातात दिलेला वसा एकच होता, आणि तो टेबलावर मिटून पडलेला असताना त्यांनी हात मांडीवर ठेवला होता.

"मला जरा जायचं आहे," त्या उठून म्हणाल्या.

"उपास सोडाले घरी का?" देवरावांनी विचारलं. थट्टेचा सूर काढायचा होता, पण तो जमला नाही.

"नाही. उपास आहेच."

चौथीच्या रिकाम्या खोलीत त्या क्षणभर बसल्या. कपाटात चाळीस पानी कोरी वही होती, जिजाबाईंची लाल शाईची दौत होती, तळाशी थोडी शाई उरलेली. वही उघडून पहिल्या पानावर, जिथं नेहमी पाठ देणाऱ्यानं स्वतः सांगितलेली चूक आधी यायची, तिथं त्यांनी लिहिलं:

'शामला. सांगेन म्हणून सांगितलं नाही.'

अक्षर मोत्यासारखं आलं नाही. समासातली जागा त्यांनी कोरी सोडली. तो ठिपका द्यायचा की नाही हे ठरवणारी मुलगी हिंगण्याला धुळीत बसली होती, आणि तिनं तो दिला नाही तरी बोल लावायचं काही कारण नव्हतं.

दौतीचं बूच घट्ट केलं. दौत आणि वही पिशवीत ठेवली. पुढच्या खोलीत चहाचे कप वाजत होते, कुणीतरी मोठ्यानं हसलं. शामलाबाई मागच्या दारानं बोळात उतरल्या आणि उन्हातून, डोक्यावर पदर घेऊन, हिंगण्याच्या बससाठी बर्डीच्या दिशेनं चालू लागल्या.