बापाच्या पोटावरची झोप

टिंगीच्या काखेला घामाचा वास येत होता. तोही मोठ्या माणसाचा, दिवसभर ओझी वाहून आलेल्या माणसाचा.

आईने तिला टॉवेलात गुंडाळून पुन्हा हुंगलं. अंघोळ आत्ताच झाली होती, साबणही चांगला फेसला होता. तीन वर्षांची पोर, हिच्या अंगाला दुधाचा यावा, नाहीतर मातीचा. हा वास कुठून आला? नाकावर पुटकुळ्या होत्याच. खिडकीपाशी उजेडात नेल्यावर काखेत चार राठ काळे केस दिसले, तशी ती मटकन खाली बसली.

"उष्णता असेल गं," सासूबाई म्हणाल्या. "बापासारखी दणकट आहे पोरगी. सगळे फ्रॉक आखूड झाले बघ. लोक पोरं वाढत नाहीत म्हणून रडतात, तू वाढते म्हणून रड!"

बाप बाहेरच्या खोलीत फरशीवर उघड्या अंगाने पसरला होता. पहाटेपासून पावाच्या भट्टीपुढे उभा राहायचं, दुपारी घरी येऊन अंघोळ करायची, आणि आडवं व्हायचं. तो आडवा झाला की टिंगी पोटावर चढलीच. त्याच्या छातीला गाल लावून, तोंड उघडं टाकून ती अशी झोपायची की घरात भांडं पडलं तरी हलायची नाही. तेवढ्या वेळात आई दार लोटून घ्यायची, केस विंचरायची, कधी नुसतीच भिंतीला टेकून बसायची.

त्या पोटाची घरात फार थट्टा. "दादा, आधी तुझं पोट येतं, मग तू," नणंद म्हणायची. तोही हसायचा आणि उरलेला गोड बन तोंडात टाकायचा. मागच्या वर्षी मात्र त्याचं हसू आटलं. जेवला की पेंगायचा, बोललं की खेकसायचा, भिंतीकडे तोंड करून झोपायचा. गेल्या काही महिन्यांत पुन्हा तरतरी आली होती. आईला वाटलं होतं, सुटलो बाई.

डॉक्टरीणबाईंनी टिंगीला नीट तपासलं, उंची मोजली, जुन्या नोंदीशी ताडून पाहिली. मग खुर्ची पुढे ओढली.

"घरात कुणी जेल लावतं का? पुरुषांच्या हार्मोनचं? खांद्याला, छातीला?"

"आमच्याकडे कसलं जेल!" आई हसतच नवऱ्याकडे वळली.

त्याच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"पैलवानाने दिलं," तो पुटपुटला. "मित्र आहे, व्यायामशाळेत असतो."

"डॉक्टरांनी नाही?"

"डॉक्टर म्हणाले होते, साखर काठावर आहे, हार्मोन कमी आहे, आधी पोट उतरवा." त्याने मान खाली घातली. "पोट काय, उतरेल तेव्हा उतरेल. मला तर घरातच, बायकोजवळ, चोरासारखं वाटायला लागलं होतं. कुणाला सांगणार? अंघोळ झाली की चोळायचो, आणि मग..."

  आईला छातीला चिकटलेला तो गाल दिसला, ते उघडं तोंड दिसलं.  'जा, बाबाकडे जा,' असं म्हणून रोज तिनेच पाठवलं होतं.

"अंगावरचं औषध पोरीच्या अंगात गेलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजपासून ते बंद. आणि तुम्ही तुमच्या डॉक्टरांकडे जा, लपवू नका. पोटावर चरबी साठली की शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, साखर रक्तातच फिरत राहते. त्यातच पुरुषाचं हार्मोन उतरतं. ते उतरलं की अंगावर चरबी आणखी चढते. तुम्हाला आधी हे चक्र थांबवायचं होतं, आणि तुम्ही बाहेरून ठिगळ लावलंत."

"हिचं काय?" आईचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"वास, केस, पुटकुळ्या बहुतेक ओसरतील. पण हाडं वेळेआधी पिकली असतील, तर ती मागे येत नाहीत. मग उंची लवकर खुंटते. हाताचा एक्स-रे काढून बघू."

एक्स-रेच्या खोलीत टिंगीने हातपाय झाडून आकांत मांडला. "बाबा! बाबाच पाहिजे!"

तंत्रज्ञ वैतागला. "अहो बाबा, धरा ना तिचा हात! बघत काय उभे?"

तो भिंतीला पाठ लावून उभा होता. दोन्ही हात मागे बांधलेले. "मी नको," तो म्हणाला. "मी हात लावत नाही तिला."

 शेवटी आईनेच त्या गुबगुबीत हाताची बोटं एकेक करून एक्स-रेच्या प्लेटवर सरळ केली आणि दाबून धरली. ओरडून ओरडून पोरीचा आवाज बसला.

हाडं वयाच्या पुढे गेली होती. "वर्षभराने," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फार उशीर झालेला नाही. पण आता दर काही महिन्यांनी यावं लागेल. उंचीचं आज मी काहीच सांगू शकत नाही."

रस्त्यावर आल्यावर टिंगी आईच्या खांद्यावर झोपली. जड झाली होती. त्याने सवयीने हात पुढे केले आणि चटका बसावा तसे मागे घेतले.

"काहीतरी बोल," तो म्हणाला. "शिव्या दे."

तिने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तू पुढे हो," ती म्हणाली. "आम्ही येतो मागून."

तो निघाला. चार पावलं टाकायचा, थांबायचा, वळून बघायचा. ती येतेय ना.