तेल प्यायलेला पाट

मी एक जुना पाट आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात तेल आहे. ते आता तुम्हाला दिसणार नाही. माझ्यावर बसलात तर कपड्यांना लागणारही नाही. माझ्या अंगावर आता काचेसारखा लेप आहे, आणि घरी येणारे विचारतात, "नवा घेतला का?"

मी नवा नाही. चाकणच्या एका कंपनीत परदेशातून मोठी मशिनं आली, त्यांच्या खोक्याची मी एक फळी. लाकूड पांढरट, हलकं आणि इतकं मऊ की नखाने ओरखडा उठावा. मशिनं आत गेली, खोकी कामगारांना वाटली. भैरू नावाच्या कामगाराने आपल्या वाटणीच्या फळ्या सायकलला बांधून गावात आणल्या. सुताराने माझे कोपरे गोल केले, खाली दोन पट्ट्या ठोकल्या. रंग नाही, पॉलिश नाही. भैरूचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याची बायको सावित्री हिने मला फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "कंपनीचा पाट व्हय? मंग ह्याला बी शिफ्ट लावा."

भैरूचं काम होतं पेंटशॉपमध्ये, म्हणजे गाड्यांना रंग मारतात तिथे. तिथला एक नियम मला सुरुवातीला खराच वाटला नाही. कामावर येताना डोक्याला तेल लावायचं नाही. तोंडाला क्रीम नाही, पावडर नाही. तेलाचा एक कण जरी उडाला, तरी त्या जागी रंग बसत नाही. तो मागे सरकतो आणि मधोमध बारीक खड्डा राहतो. त्याला ते क्रेटर म्हणत. एका क्रेटरपायी अख्खं दार घासून पुन्हा रंगवायला जाई.

म्हणून भैरूचे केस बारा महिने कोरडे. सावित्री त्याला चिडवायची, "लोकांच्या गाड्या चमकवता आन् सोताच्या डोक्याची बोराटी करून ठेवली."

"पगार त्या बोराटीचाच मिळतो," भैरू म्हणायचा.

दिवाळीत मात्र कंपनी बंद असे. त्या सुट्टीसाठी सावित्री आठवडाभर आधीच तेल उकळायची. खोबरेल, त्यात वाळा, मेथी, नागरमोथा. मग भैरूला माझ्यावर बसवायची आणि वर्षभराचं तेल एकदमच जिरवायची. त्याच्या मानेवरून, पाठीवरून ओघळलेलं तेल माझ्यावर ठिबकायचं. मी कोरा होतो, सगळं पिऊन टाकायचो. पुढे मुलगी झाली, दिपाली. तीही माझ्यावर बसून न्हाली. अंगाला तेल लागलं की ती निसटायची, आणि सावित्री तिला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने मला सरळ करायची. सुट्टी संपायच्या आत भैरू शिकेकाईने डोकं पुन्हा पुन्हा धुऊन पुन्हा कोरडा व्हायचा. माझं डोकं कोण धुणार? माझ्यात ते तेल तसंच राहिलं.

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते. तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

सावित्री आजारी पडली आणि दवाखान्यातून परत आली नाही. त्यानंतरच्या दिवाळीत कुणी तेल उकळलं नाही. मला स्वयंपाकघराच्या भिंतीला उभं करून ठेवलं. भैरूही तोवर निवृत्त झाला होता. आता त्याला रोज तेल लावायची मोकळीक होती, पण तो लावायचा नाही. मात्र हवा दमट झाली की माझ्या अंगातून तो वास आपोआप वर यायचा. घरात कुणी नसलं की भैरू मला उचलून मांडीवर घ्यायचा, नाक लावायचा आणि पुन्हा भिंतीला टेकवून ठेवायचा. हे फक्त मला ठाऊक होतं.

मग दिपालीचं लग्न ठरलं, रावेतच्या मुलाशी. ती म्हणाली, "अण्णा, हळदीला मी आईच्या पाटावरच बसणार."

भैरूची थोरली बहीण सुमनताई लग्नाच्या तयारीला आली होती. तिने पांढरा रुमाल माझ्यावर दाबून उचलला. रुमालावर पिवळा डाग. "भैरू, साडीची वाट लागंल पोरीच्या. ह्याला काहीतरी लावून घे."

घरात पाहुणे यायचे होते, थिनरच्या वासाने डोकी दुखतील, म्हणून भैरूने चाकणहून थिनरऐवजी पाण्यात बनवलेलं वॉर्निश आणलं. दुकानदार म्हणाला, "काका, एकदम सोपं आहे. लावा आणि सोडा." ते सोपं नव्हतं, हे मी माझ्या अंगावरून सांगतो.

भैरूने मला आधी ओल्या फडक्याने पुसलं. पाणी लागताच माझे रेशे फुगून उभे राहिले, अंगभर काटा. तो पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासावा लागला. मग त्याने सवयीने डबा जोरजोराने हलवला. वॉर्निशला फेस आला आणि ते सगळे बुडबुडे माझ्यावर सुकले. ते काढून, डबा काडीने सावकाश ढवळून त्याने पुन्हा हात दिला. या वेळी अर्धवट सुकलेल्या जागी ब्रश फिरवला. झाडूने अंगण झाडावं तशा रेघा उठल्या. पुन्हा पेपर. पुढचा हात जाड झाला. त्या दिवशी आभाळ होतं, म्हणून लेपावर दुधाच्या सायीसारखी पांढुरकी झाक आली. ती ऊन पडल्यावर गेली. पातळ हात, आणि दोन हातांमध्ये धीर, एवढंच ते वॉर्निश मागत होतं.

सुमनताई दारात बसून लसूण सोलत होती. "भैरू, जल्म गेला तुझा रंगात, आन् एक पाट आवरंना व्हय?"

"तिथं मशीन व्हतं, ताई."

पण हे सगळं सुधारल्यावरही माझ्या मधोमध काहीतरी होत होतं. ओला हात दिला की वॉर्निश मागे सरकायचं आणि बारीक गोल खड्डे उघडायचे. भैरूने ब्रश खाली ठेवला. "क्रेटर," तो म्हणाला.

दिपाली वाकून बघू लागली. "कशानं होतंय, अण्णा?"

"तुझ्या आईनं."

ती हसली. मग पुन्हा खाली वाकली.

उपाय भैरूला माहीत होता. सगळं वॉर्निश काढायचं, स्पिरिटने पुसायचं, लाकूड उघडं होईपर्यंत घासायचं. आतलं तेल तरीही थोडं थोडं वर येतंच, म्हणून आधी चपड्याचा, म्हणजे लाखेचा, एक हात द्यायचा. लाख तेलाला आत कोंडते. तिच्यावर वॉर्निश बसतं.

तो अंगणात मला घासू लागला. घासून घासून मी गरम झालो. आणि इतक्या वर्षांचं तेल एकदम जागं झालं. वाळा, मेथी, नागरमोथा. वास अंगणभर झाला. सुमनताईचे हात थांबले. दिपाली पिठाचे हात घेऊन बाहेर आली आणि पायरीवर बसली.

"अण्णा, अजून घासा थोडं."

भैरू घासत राहिला. गरज संपल्यावरही घासत राहिला. मग त्याने चपड्याची बाटली उघडली.

"हे लावल्यावर तेल वर येणार नाही?" दिपालीने विचारलं.

"न्हाई. आतच राहील."

"आणि वास?"

भैरूने ब्रश उचलला. "वास बी आतच."

"मग नको. आत्याकडे आहे की पाट, तो आणू."

"तुला आईच्या पाटावर बसायचं व्हतं ना?"

"बसायचंय. पण असं नाही."

"साडीला डाग घेऊन सासरी जाशील व्हय? मी काय पाटाला नाक लावून जगनार हाय?"

मला तोंड असतं तर मी तेव्हा बोललो असतो.

त्याने लाखेचा हात दिला. तो सुकल्यावर वॉर्निशचे पातळ हात दिले. एकही खड्डा उघडला नाही. मग त्याने मला उलटं केलं. खालची बाजू कुणाला दिसणार होती? मला वाटलं, एवढी तरी तो सोडेल. ब्रश हातात धरून तो थांबलाही. पण पेंटशॉपमध्ये जन्म काढलेल्या माणसाला उघडी बाजू बघवत नाही. "एक बाजू सोडली की लाकूड वाकतं," तो स्वतःशीच म्हणाला आणि खालूनही मला बंद केलं.

हळदीच्या दिवशी दिपाली माझ्यावर बसली. सगळ्या बायका मला बघून नावाजत होत्या. हळद लावायला भैरू पुढे वाकला, तेव्हा तिने हळूच विचारलं, "अण्णा, अजून वास येतो का?"

"येतो की."

"मला नाही आला."

"तू वर बसलीयास. खालून येतो."

तिने मान हलवली. वास येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तेलात कालवलेली हळद तिच्या पायांवरून ओघळली आणि माझ्यावर तिचं छोटं तळं साचलं. मी वाट बघत होतो की ती आत उतरेल. ती वरच राहिली. दिपाली उठून आत गेली, आणि सुमनताईने फडकं घेतलं.

"राहू दे, ताई," भैरू म्हणाला. "डाग पडंल तेवढा पडू दे."

"पडतोय कशाचा? बघ की, एका हातात निघाली."

खरंच निघाली. सुमनताईने फडकं पिळलं, पिवळं पाणी मोरीत गेलं. भैरू माझ्याजवळ उकिडवा बसला आणि त्याने माझ्यावरून बोट फिरवलं. बोट कोरडं होतं.

मित्रांनो, घरातली जुनी लाकडं जपा. त्यांना पुसा, घासा, वॉर्निश लावा, पाण्यापासून आणि वाळवीपासून वाचवा. भैरूचं काही चुकलं नाही, आणि माझ्यासारखा लख्ख पाट सगळ्या गावात नाही. पण लाकूड घासताना कधी एखादा वास वर आला, तर ब्रश बाजूला ठेवा. घरातल्या सगळ्यांना हाका मारा. जो तो वास ओळखेल, त्याला बसू द्या त्या लाकडापाशी, त्याचं मन भरेपर्यंत. सुकायला वॉर्निशला फार वेळ लागत नाही, आणि ते सुकलं की वास आतच राहतो.