एकोडीच्या तलावाच्या पाळीवरून विचारलेला जाब

शेवंताबाईची करुणा दिल्लीत एका अभ्याससंस्थेत होती. कोणत्या देशानं कोणाला किती रणगाडे, तोफा, बंदुका विकल्या, हे बरीच सरकारं दरवर्षी संयुक्त राष्ट्रसंघाला कळवतात. त्यांचं सांगणं एकमेकांशी जुळतं का, ते पडताळून अहवाल काढणं हे तिचं काम. एकोडी गावात मात्र ‘शेवंताबाईची पोरगी बंदुकीच्या धंद्यात हाय’ एवढंच पसरलं होतं, आणि शेवंताबाईलाही ते खोडून काढणं जमत नव्हतं.

भाताच्या रोवणीला करुणा घरी आली आणि नेमकी तेव्हाच तिची परदेशी अधिकाऱ्यांसोबत ऑनलाइन बैठक लागली. घरात नेटवर्क टिकेना, म्हणून मायलेकी तलावाच्या पाळीवर, उंच बांधावर गेल्या. मोहाच्या झाडाच्या सावलीत करुणा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. शेवंताबाई चिखलाच्या पायांनीच बाजूला टेकली.

पडद्यावरचा एक कोटवाला आधी गोड बोलला, मग त्याचा आवाज चढला. करुणाचा चढला नाही. ती इंग्रजीत थोडकंच बोलली आणि थांबली. तो इकडेतिकडे पाहू लागला. शेवटी त्यानं नाइलाजानं मान हलवली.

बैठक संपली तशी शेवंताबाईनं विचारलं, “कायले चिडून राहिला होता तो?”

“त्याच्या देशानं सांगतलं, एवढ्या बंदुका शेजारच्या देशाले विकल्या. शेजारी म्हणते, मले अर्ध्याच भेटल्या. मी विचारलं, बाकीच्या कुठं गेल्या? तर म्हणे, अहवालातून आमचं नाव काढा.”

“मंग?”

“म्हटलं, नाव निघणार नाही. तुमचा खुलासा द्या, तोही छापू. त्याची बाजू कोणीच घेतली नाही, तवा कबूल झाला.”

“अन् त्या बंदुका?”

“सापडतीनच असं नाही, माय. पण आता त्याले उत्तर द्या लागते.”

शेवंताबाईनं खाली भाताच्या बांध्यांत रोवणाऱ्या बायकांकडे पाहिलं. “जिथं पोचल्या असतीन,” ती हळूच म्हणाली, “तिथंही बायका रोवणी करत असतीन.”

खालच्या बांधीत रोवणाऱ्या चंद्रभागाबाईनं हाक दिली, “काय झालं वं, शेवंता?”

शेवंताबाई उठून उभी राहिली. “माह्या पोरीनं एका सरकारले जाब विचारला!” आवाज पार पलीकडच्या बांध्यांपर्यंत गेला. वाकलेल्या बायका सरळ झाल्या.

“कोणत्या सरकारले? पाठव तिले इकडं, सांगू दे!”

करुणानं लॅपटॉप आईच्या हाती दिला, सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि चिखलात उतरली. चंद्रभागाबाईनं पऱ्ह्याची, भाताच्या रोपांची एक जुडी तिच्या हातात दिली, आणि रोवता रोवता करुणा पहिल्यापासून सांगू लागली.